लाज कामगाराची, सोय कारखान्याची

चळवळीच्या सभांमधून आपण आरक्षणावर बोलतो, अत्याचारावर बोलतो, जमीन, शिक्षण आणि शिष्यवृत्तीवर बोलतो. पुरुषाच्या जननेंद्रियांविषयी आणि त्यांच्या आजारांविषयी मात्र आपल्या व्यासपीठावरून एक अक्षर निघत नाही. हा विषय एकतर मित्रांच्या टवाळीत संपतो, नाहीतर गावोगावी तंबू ठोकून बसलेल्या 'गुप्तरोग तज्ज्ञां'च्या पडद्याआड जातो. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात लोटे येथे रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तिथे आज जे प्रश्न उभे राहिले आहेत ते पाहता हा विषय झाकून ठेवणे समाजाला परवडणारे नाही. म्हणून या स्तंभात आम्ही तो उघडपणे मांडत आहोत.

ज्यांना संकोच वाटतो त्यांनी आधी बाबासाहेबांनी लढवलेला एक खटला आठवावा. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ते चालवले. संततिनियमन, लैंगिक आरोग्य आणि शरीराविषयीचे शास्त्रीय ज्ञान सामान्य माणसाला द्यावे, एवढाच त्यांचा गुन्हा. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूने मुंबईच्या न्यायालयात उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. एखादे लेखन लैंगिक विषयावर आहे एवढ्यानेच ते अश्लील ठरत नाही आणि लोकांच्या मनातील विकृती घालवायची तर ज्ञानानेच घालवावी लागेल, असा बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा आशय होता. न्यायालयाने तो मानला नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण खटला हरला म्हणून विचार हरला नाही. १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी बाबासाहेबांच्या वतीने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला, पण मांडला गेला. कर्वे दापोली तालुक्यातील मुरूडचे आणि बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. लोटे ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच्या शेजारचे हे दोन तालुके. तेव्हा या मातीत हा विषय नवा नाही. आपणच तो विसरलो आहोत.

आता मूळ विषयाकडे येऊ. पुरुषाची प्रजननसंस्था म्हणजे काय, हे पदवीधर पुरुषालाही धड सांगता येत नाही. अंडकोषाच्या पिशवीत दोन वृषण असतात. त्यांची दोन कामे. शुक्राणू तयार करणे हे एक आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करणे हे दुसरे. दाढी-मिशा, आवाज, स्नायू आणि कामेच्छा हे सारे या संप्रेरकावर चालते. वृषण शरीराच्या बाहेर लोंबते ठेवण्यामागे निसर्गाचा हिशेब आहे. शुक्राणू तयार होण्यासाठी शरीराच्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश कमी उष्णता लागते. म्हणूनच भट्टीपुढे वर्षानुवर्षे उभा राहणारा कामगार आणि तापलेल्या इंजिनाशेजारी तासन्‌तास बसणारा चालक यांच्या शुक्राणूंवर उष्णतेचा परिणाम होऊ शकतो. वृषणाच्या मागे गुंडाळी केलेली एक बारीक नळी असते, तीत शुक्राणू पक्व होतात. तिथून शुक्रवाहिनी त्यांना वर नेते. शुक्राशय आणि पुरस्थ ग्रंथी, म्हणजे आपण ज्याला प्रोस्टेट म्हणतो ती, त्यात आपापले द्रव मिसळतात आणि वीर्य तयार होते. एक शुक्राणू तयार होऊन बाहेर पडण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणजे आज शरीरात गेलेल्या विषाचा परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसू शकतो. तोवर ठेकेदार बदललेला असतो, खाते बदललेले असते आणि कुणाला कशाचा संबंध लागत नाही. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

या अवयवांचे नेहमीचे आजार कोणते? काही मुलांमध्ये जन्मतः एक किंवा दोन्ही वृषण पिशवीत उतरलेले नसतात. मूल सहा महिन्यांचे झाल्यावरही वृषण हाताला लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रिया शक्यतो दीड वर्षाच्या आत व्हावी. 'मोठा झाला की आपोआप उतरेल' म्हणून वाट पाहिली तर पुढे वंध्यत्वाचा आणि वृषणाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. किशोरवयात वृषणाला अचानक पीळ पडतो, असह्य कळ येते, उलटी होते. मुलगा लाजेने सांगत नाही आणि आई पोटदुखी समजून ओवा देते. इथे वेळ तासांत मोजायची असते. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते, उशीर होईल तशी ती झपाट्याने घटते. वृषणाभोवती पाणी साचले तर त्याला हायड्रोसील म्हणतात. हत्तीरोगाच्या भागात त्याचे प्रमाण जास्त असते आणि साध्या शस्त्रक्रियेने ते बरे होते. वजन उचलणाऱ्या हमालाला, माथाडीला होणारा हर्निया हा आतड्याचा आजार आहे, पण तो जांघेत आणि अंडकोषात उतरतो म्हणून माणूस लपवतो. लपवलेल्या हर्नियात आतडे अडकले तर जीव जातो.

वृषणाच्या शिरा फुगतात त्याला व्हेरिकोसील म्हणतात. साधारण शंभरात पंधरा पुरुषांना, बहुधा डाव्या बाजूला, तो असतो. बहुतेकांना त्याचा त्रास नसतो, पण वंध्यत्वाच्या दुरुस्त होऊ शकणाऱ्या कारणांत त्याचा क्रम वरचा आहे. वृषणाचा कर्करोग प्रामुख्याने पंधरा ते चाळीस या वयात होतो. न दुखणारी कडक गाठ हे त्याचे पहिले लक्षण. दुखत नाही म्हणूनच माणूस थांबतो. वेळेवर सापडला तर हा कर्करोग बहुतांश रुग्णांत पूर्ण बरा होतो. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी दोन्ही वृषण बोटांनी चाचपून पाहायला पैसा लागत नाही. पन्नाशीनंतर प्रोस्टेट वाढते, लघवी थेंबथेंब होते, रात्री चार-चारदा उठावे लागते. ते वयाचे म्हणून सोडून देऊ नये. आणि लिंगाला ताठरता न येणे ही पुष्कळदा मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा हृदयविकाराची पहिली सूचना असते. त्यावर वैदूकडची पुडी घेणारा माणूस आपल्या हृदयाचा इशारा बुजवत असतो. नपुंसकत्व बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. तरीही एसटी स्थानकाच्या भिंती त्यांनी रंगलेल्या असतात, याला जबाबदार कोण?

सर्वांत जास्त गैरसमज मात्र वंध्यत्वाविषयी आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणासोबत आढळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाचा सामना करावा लागतो. म्हणजे हा प्रश्न प्रत्येक वस्तीत आहे, प्रत्येक विहाराच्या दारात आहे. तरीही तपासणी होते ती बाईची. नवस बोलते ती बाई, उपास करते ती बाई, टोमणे खाते ती बाई, आणि शेवटी माहेरी पाठवली जाते तीही बाईच. वकिली करताना आमच्यापुढे असे कागद येतात. बाईच्या चार-चार सोनोग्राफ्या, नळ्यांची तपासणी, शस्त्रक्रियेचे कार्ड, सगळे फाईलला लावलेले असते. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा कागद विचारला की शांतता पसरते. जी तपासणी सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त आणि शरीराला न टोचता होणारी आहे, तीच केलेली नसते. वास्तविक दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, आणि पहिला अहवाल वाईट आला तर काही आठवड्यांनी पुन्हा द्यायचा, इतकेच करायचे असते. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली खालची संदर्भमर्यादा आहे. त्याखाली आकडा गेला म्हणजे मूल होणारच नाही असे नव्हे, पण कारण शोधायला हवे.

इथे कायदाही स्पष्ट आहे. बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात नपुंसकत्वामुळे शरीरसंबंधच झाला नसेल तर विवाह रद्द करून मागता येतो. वंध्यत्व हे घटस्फोटाचे कारण नाही. ज्याच्या वीर्यात शुक्राणू नाहीत तो पुरुष संसार करण्यास पूर्ण समर्थ असू शकतो. वंध्यत्वाला 'नामर्दपणा' म्हणणे हे शास्त्रातही चूक आणि कायद्यातही चूक. मूल देण्याच्या नावाखाली बाईचे शोषण करणाऱ्या बुवाला तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हेगारच ठरवले आहे.

हीच मर्दानगीची भीती नसबंदीच्या आकड्यांत दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदीचा आधार असलेल्या स्त्रिया फक्त ०.३ टक्के होत्या. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, बाईची अवघड, तरी सुरी बाईच्याच पोटावर. या भीतीला एक खरा इतिहासही आहे हे आम्ही नाकारत नाही. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि सक्तीचा वरवंटा गरिबांवर, दलितांवर, मुसलमानांवर फिरला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. आपल्या माणसाच्या शरीरावर सत्तेने त्याला न विचारता हात टाकला, ही आठवण खोटी नाही. परंतु त्या वेळी सुरी दिसत होती. आज जे शरीरात शिरते ते डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून आता लोटेकडे येऊ. मुंबई-गोवा महामार्गाने मुंबईकडून येताना खेड सोडले की परशुराम घाटाच्या अलीकडे ही वसाहत लागते. तिच्या सांडपाण्यावरून दाभोळ खाडीच्या मच्छीमारांनी अनेक वर्षे गाऱ्हाणी मांडली आहेत. २०२१ मध्ये तर याच वसाहतीत स्फोट आणि आगीच्या घटनांत कामगारांचे बळी गेले. स्फोटाचा आवाज होतो, बातमी होते, मंत्री येतात, मदत जाहीर होते. जे विष आवाज न करता रक्तात उतरते त्याची बातमी होत नाही. आणि जे वृषणात उतरते त्याबद्दल तर स्वतः कामगारच बोलत नाही.

असे विष असते का? असते, आणि ते पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लॅथ्रॉप या गावी ऑक्सिडेंटल कंपनीचा कारखाना होता. तिथे पिकांच्या मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमींवरचे डीबीसीपी हे औषध तयार होई. १९७७ मध्ये तिथल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून एक गोष्ट पुढे आली, की त्या खात्यात काम करणाऱ्यांना अलीकडे मूलच झालेले नाही. त्यांनी लाज बाजूला ठेवली आणि संघटनेमार्फत वीर्यतपासणी मागितली. अनेकांच्या वीर्यात शुक्राणू फारच कमी निघाले, काहींच्या वीर्यात एकही नव्हता. हे रसायन प्राण्यांच्या वृषणांना सुकवते, हे उत्पादकांच्याच प्रयोगांवरून १९६१ मध्ये छापून आले होते. सोळा वर्षे कामगाराला कोणी सांगितले नाही. १९७९ मध्ये अमेरिकेने त्याचा जवळपास सगळा वापर बंद केला. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हा शोध प्रयोगशाळेत लागला नाही, तो कामगारांनी एकमेकांशी केलेल्या मोकळ्या बोलण्यात लागला. ते गप्प राहिले असते तर आणखी किती वर्षे गेली असती?

डीबीसीपी ही जुनी गोष्ट झाली. लोटेपुढचा आजचा प्रश्न इटलीतून आला आहे. इटलीच्या वेनेतो प्रांतात, व्हिचेंझा जिल्ह्यातील त्रिस्सिनो गावी मिटेनी नावाचा कारखाना होता. तिथे 'पीफास' या नावाने ओळखली जाणारी फ्लोरीनयुक्त रसायने बनत. पाणी आणि तेल न चिकटणारी भांडी, कापड, आग विझवण्याचा फेस अशा अनेक वस्तूंत ती वापरली जातात. निसर्गात ती जवळजवळ नष्ट होत नाहीत, म्हणून जग त्यांना 'चिरंतन रसायने' म्हणते. या कारखान्यामुळे तीन जिल्ह्यांतील सुमारे साडेतीन लाख लोकांचे पिण्याचे पाणी दूषित झाल्याचे २०१३ पासून उघड होत गेले. २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत निघाला. २६ जून २०२५ रोजी व्हिचेंझाच्या न्यायालयाने संबंधित कंपन्यांच्या अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवून एकूण १४१ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. आणि त्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री? ती २०१९ मध्ये एका भारतीय रासायनिक कंपनीच्या समूहाने विकत घेतली आणि लोटेला आणली. ही गोष्ट देशी-विदेशी वृत्तपत्रांत छापून आलेली आहे.

या रसायनांचा पुरुषांच्या शरीराशी काय संबंध, हेही वेनेतोमध्येच तपासले गेले. पादुआ विद्यापीठातील संशोधकांनी त्या दूषित भागातील तरुणांची तुलना बाहेरच्या तरुणांशी केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दूषित भागातील मुलांचे वृषण आकाराने लहान, लिंगाची लांबी कमी आणि शुक्राणूंची प्रतही कमी आढळली. या गटातील पीएफओए हे रसायन टेस्टोस्टेरॉनच्या कामात अडथळा आणते असे प्रयोगशाळेतही दिसले. त्याआधी, अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्ग येथे ड्यू पाँटच्या कारखान्याभोवतीच्या लोकांचा अभ्यास झाला होता. तिथल्या शास्त्रज्ञ समितीने २०१२ मध्ये पीएफओएचा वृषणाच्या कर्करोगाशी संभाव्य संबंध नोंदवला. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. अर्थात एका अभ्यासावरून एखाद्या माणसाचा आजार अमुकच कारणाने झाला असे सिद्ध होत नाही, हे वकील म्हणून आम्हाला ठाऊक आहे. लोटेला आलेल्या त्याच यंत्रांतून तीच रसायने निघतात असेही आम्ही म्हणत नाही. आम्ही नियम पाळतो असे प्रत्येक कारखाना सांगतो. त्याला खोटे ठरवण्याची आम्हाला घाई नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की मग तपासा. पाणी तपासा, माती तपासा, कामगाराचे रक्त तपासा, आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. वेनेतोमध्ये मुलांच्या रक्तातले आकडे पाहून आया रस्त्यावर उतरल्या. आपल्याकडे आकडाच नाही तर रस्त्यावर कशासाठी उतरणार?

कायदा काय देतो ते पाहू. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळ झाले. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन ४१-बी आणि ४१-सी ही कलमे आली. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगाराला आणि आसपासच्या जनतेला देणे, कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे, काम देण्यापूर्वी आणि काम चालू असताना तपासणी करणे हे मालकावर बंधनकारक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. माहिती देण्याचे आणि नोंदी ठेवण्याचे बंधन तिच्यातही आहे. पण दोन ठिकाणी खोट आहे. पहिली म्हणजे, संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत सरकारला कळवायच्या २९ रोगांची यादी आहे. तीत शिसे आहे, पारा आहे, सिलिकोसिस आहे, व्यावसायिक कर्करोगही आहे. शुक्राणू घटणे किंवा कामामुळे आलेले वंध्यत्व नाही. यादीत नाही म्हणून डॉक्टर कळवत नाही, कळवत नाही म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून यादीत येत नाही. भरपाईच्या कायद्यातही हेच तत्त्व चालते. यादीतला रोग असेल तर तो कामामुळे झाला असे गृहीत धरले जाते, यादीबाहेरचा असेल तर सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर पडते. दुसरी खोट म्हणजे, या संहितांची जाहिरात करताना केंद्र सरकारने चाळीस वर्षांवरील कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीचा मोठा गाजावाजा केला. ज्या पोराचे लग्न पंचविसाव्या वर्षी झाले, जो तिसाव्या वर्षी मूल होत नाही म्हणून बुवाकडे जातो, त्याने चाळिशीची वाट पाहायची काय?

आणि कोकणातल्या कारखान्यात धोक्याचे काम बहुधा कोणाकडे येते? टाकी धुणे, गाळ उपसणे, पिंपे धुणे, पोती फोडणे या कामांना ठेकेदाराची माणसे लागतात. त्यात बौद्धवाड्यांची पोरे आहेत, कुणबी-भोयांची पोरे आहेत, उत्तरेकडून आलेली पोरे आहेत. कायम कामगाराची निदान फाईल असते, ठेक्यावरच्या पोराचे नाव वर्षाला बदलणाऱ्या मस्टरवर असते. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले ते याच कोकणातल्या कुळांसाठी. खोतीत राबणाऱ्याच्या नावावर जमीन नव्हती. आज राबणाऱ्याच्या नावावर आजाराची नोंदही नाही. ज्याची नोंद नाही त्याचा दावा नाही, हे न्यायालयाचे साधे गणित आहे. आणि ही नोंद होऊ नये याची व्यवस्था मालकाला मुद्दाम करावीच लागत नाही. आपली लाज ती त्याला फुकट करून देते.

तेव्हा करायचे काय? कामगाराने पिंपावरचे चिन्ह ओळखायला शिकावे. लाल चौकटीत माणसाची आकृती आणि तिच्या छातीवर फुटलेला तारा असेल, तर ते रसायन शरीराला दीर्घकालीन इजा करणारे असते, त्यात प्रजननाची इजाही येते. त्या रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक मागावे. त्यात 'एच ३६०' किंवा 'एच ३६१' असा क्रमांक असेल तर प्रजननक्षमतेला किंवा पोटातील बाळाला धोका नोंदलेला आहे असे समजावे. कामाचे कपडे घरी आणून बायकोमुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत. गेटपास, पगाराची चिठ्ठी आणि कोणत्या खात्यात किती महिने काम केले याची वही जपून ठेवावी. उद्या दाव्यात तीच साक्ष देते. लग्नानंतर वर्षभर प्रयत्न करूनही मूल झाले नाही तर दोघांनी एकाच दिवशी तपासणीला जावे, आणि तपासणी आधी नवऱ्याची व्हावी. डॉक्टरला आपले काम आणि हाताळलेले रसायन न विसरता सांगावे. काही विषांचा परिणाम त्यांच्यापासून दूर झाल्यावर ओसरतो, म्हणून लवकर कळण्याला मोल आहे.

सरकारकडे आमच्या मागण्या आहेत. लोटेच्या वसाहतीतील धोकादायक खात्यांत काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराला, कायम असो वा ठेक्यावरचा, वयाची अट न घालता कामापूर्वी आणि दरवर्षी तपासणी द्यावी. ज्याची इच्छा असेल त्याला वीर्यतपासणी आणि संप्रेरक तपासणी मोफत व गोपनीय मिळावी. ती कारखान्याच्या डॉक्टरकडे न होता कळंबणी आणि कामथे येथील उपजिल्हा रुग्णालयांत व्हावी. वसाहतीभोवतीच्या विहिरी, बोअरवेल आणि खाडीतील मासे यांची पीफाससाठी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून तपासणी व्हावी. कामामुळे येणारे वंध्यत्व रोगांच्या यादीत घालावे. प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यांच्याकडे असलेले अहवाल माहितीच्या अधिकारात मागण्याचे काम मात्र आपल्याच तरुणांनी करायचे आहे. दहा रुपयांचा अर्ज लिहायला कोणत्याही नेत्याची परवानगी लागत नाही.

शेवटी विहारांविषयी. तथागतांनी आपल्याच मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्षूला आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले आणि जो रुग्णाची सेवा करतो तो माझीच सेवा करतो, असा उपदेश संघाला केला. ज्या धम्माच्या शास्त्याला शरीराची किळस वाटली नाही, त्या धम्माच्या विहारात शरीरावर बोलायला लाज का वाटावी? खेड, चिपळूण, गुहागर, दापोली या तालुक्यांतील प्रत्येक विहाराने वर्षावासात एक रविवार या विषयाला द्यावा. डॉक्टर बोलवावा, पुरुषांना पुढे बसवावे, बायकांनाही बसवावे, कारण दोष त्यांच्या माथी मारला जातो आणि खरे काय ते त्यांना कळले पाहिजे. एकाने उठून प्रश्न विचारला की दुसरा उठेल. लॅथ्रॉपच्या कामगारांनी एवढेच केले होते.

जय भीम!